हुंकारी कोण देणार?

"हुंकारी कोन देते?" गोष्ट सांगायला बसलेल्या म्हाताऱ्या सोनाबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं आणि अंगणातल्या सगळ्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या.

अड्याळजवळच्या एका गावात आम्ही बसलो होतो. मी भंडाऱ्याच्या कॉलेजात मराठी शिकवायचो आणि वैशालीचा पीएचडीचा गाइड होतो. गोंदिया वेगळं होऊन जिल्हा अर्धा झाला होता. चर्चासत्रं मात्र दुप्पट झाली होती. वैशालीचा विषय होता वेगवेगळ्या संस्कृतींच्या कथांमधलं लग्न, अपत्यहीनता आणि शोकांतिका. तिनं निवडलेल्या जपानी कथेतली मूल नसलेली बायको विहिरीत जाते, आयरिश कथेतली समुद्रात. तिसरी कथा इथली हवी होती. तिच्यातलीही बायको बुडते, असं आम्ही सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्यात, कथा ऐकण्याआधीच लिहून टाकलं होतं. संशोधनाची ही रूढ पद्धत आहे.

वैशालीला घाई होती. तिला स्वतःला मूल नव्हतं आणि सासू आपल्या मुलासाठी दुसरी बायको शोधत होती. पदवी मिळाली तर नोकरी, नोकरी मिळाली तर त्या घरात पाय टिकेल, अशी तिची आशा.

हुंकारी म्हणजे गोष्ट ऐकणाऱ्यानं मधेमधे दिलेला 'हूं'. तो मिळाला नाही तर सांगणारा पुढे जात नाही.

"द्या ना कोणीतरी," मी म्हणालो.

"तुम्हीच द्या ना गुर्जी," एक बाई म्हणाली. "या गोष्टीले लेकुरवाळी हुंकारी देत नाही."

"मलाही लेकरं आहेत."

"मंग गप बसा."

सगळ्या हसल्या. सोनाबाई हसल्या नाहीत. त्यांनी वैशालीकडे पाहिलं. "तुले लेकरू नाही ना, बाई? तू दे."

वैशालीचा चेहरा उतरला. पण तिनं रेकॉर्डर सुरू केला. "सांगा आजी. हूं."

गोष्ट अशी. एका बाईला मूल नव्हतं, म्हणून नवऱ्यानं दुसरी आणली. गावातल्या बाया टोमणे मारत. गोष्ट सांगायची तर ऐकायला घरात कोणी नाही. मग ती रोज सांजच्याला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून पाण्यालाच गोष्ट सांगायची. एक दिवस पाण्यातून हुंकारी आली.

इथं अंगणातल्या बाया उठल्या. खेळणाऱ्या पोरांना दंडाला धरून त्यांनी घरात नेलं. दारं लागली. बाहेर अजून चांगलं ऊन होतं.

वैशालीचा 'हूं' बारीक होत गेला आणि बंद पडला. सोनाबाई थांबल्या नाहीत. प्रत्येक वाक्यानंतर त्या क्षणभर कान द्यायच्या, मान हलवायच्या आणि पुढे जायच्या. हुंकारी मिळत असल्यासारख्या. मी मागं वळून पाहिलं. धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि त्यांच्यापलीकडे तलाव.

"शेवटी ती बुडली ना?" मी विचारलं. मला आराखड्याची काळजी होती.

"ते कायले बुडंल? ते रोज घरी जाये. टोमणे मारनाऱ्या बायांचीच लेकरं पाळीवर येऊन बसाले लागली, गोष्ट आयकाले. तिनं कोनाले बलावलं नोहोतं. मंग गावात घरोघरी लेकरांच्या माया गोष्टी सांगत, अन् हुंकारी द्याले कोनी नसे."

"पोरं कुठं गेली?"

"पानी अजून आयकून राहिलं ना," सोनाबाई म्हणाल्या आणि सुपातले तांदूळ निवडू लागल्या.

घरी येऊन मी रेकॉर्डिंगमधल्या त्या रिकाम्या जागा ऐकल्या. काही ऐकू आलं नाही. शास्त्रीयदृष्ट्या माझं समाधान झालं. एकट्यानं पुन्हा ऐकल्या नाहीत.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेले परीक्षक शाल-श्रीफळ घेऊन स्थिरावले. 'वैश्विक शोकांतिका' हा शब्द त्यांनी चहाआधीच अनेकदा वापरला. रेकॉर्डिंग लावताच चहा घेऊन आलेली शिपाईबाई ट्रे दाराशीच ठेवून निघून गेली.

"पण आराखड्याप्रमाणे हिनं मरायला हवं," परीक्षक म्हणाले.

"सर, ती मरत नाही," वैशाली म्हणाली.

"मग शोकांतिका कोणाची?"

"टोमणे मारणाऱ्यांची."

परीक्षकांनी ते लिहून घेतलं. पुढं एका चर्चासत्रात त्यांनी ते स्वतःचं म्हणून वाचलं. पदवी मात्र मिळाली. नोकरी नाही, तेव्हा प्राध्यापकांची भरती बंद होती.

वैशाली पेढे घेऊन माझ्या घरी आली. "सर, दुसऱ्या बायकोचा विषय सासूबाईंनी सोडला."

"पदवीमुळे?"

"नाही. एकदा संध्याकाळी त्यांनी खूप टोमणे मारले. नणंदही होती, पोरांना घेऊन. मी सगळ्यांना बसवून ती गोष्ट सांगितली. आता नणंद पोरांना आमच्याकडे आणत नाही."

"हुंकारी कोणी दिली?"

"कोणीच नाही दिली." तिनं डबा माझ्यापुढे धरला. "तरी शेवटापर्यंत सांगता आली. घ्या ना, सर."

मी पेढा घेतला. तेव्हापासून तुलनेसाठी मी विद्यार्थ्यांना फक्त छापील कथा देतो.