बाटल्यांच्या खोलीतलं स्टूल

माझ्या फजित्या ऐकायला लोक मला मुद्दाम बोलावून चहा पाजतात. मुलाखतीला दोन पायांत दोन वेगळे जोडे घालून गेलो ते, भाच्याच्या लग्नात भलत्याच मांडवात पोटभर जेवून, आहेर देऊन आलो ते — सगळं मी तिखटमीठ लावून सांगतो. एक गोष्ट मात्र बायकोलाही सांगितलेली नाही. का? ती ऐकून कुणी हसणार नाही म्हणून? की हसतील म्हणून? तुम्ही समोर बसलायत असं धरून सांगून बघतो.

मी चिंताकी गावचा. घरात मराठी, बाजारात कानडी, आणि कीमिया — म्हणजे रसायनशास्त्र — शिकलो हैदराबादला, अथपासून इतिपर्यंत उर्दूत. उर्दूत विचाराल तर झोपेतही सांगेन. पोलीस ॲक्शन झाली, हैदराबाद संस्थान गेलं, आणि पुढं हुकूम आला की कॉलेजात आता सगळं इंग्रजीतून शिकवायचं. मी तेव्हा गुलबर्ग्याच्या एका कॉलेजात विभागप्रमुख. विभाग म्हणजे काय — मी, एक डेमॉन्स्ट्रेटर आणि एक पट्टेवाला. इंग्रजीतल्या पहिल्या तासाला मी हजेरी फार छान घेतली. मग "नाऊ —" म्हणालो. पुढचं काही येईना. तास संपेपर्यंत फळ्यावर फ्लास्कची आकृती काढत राहिलो. भली मोठी, सावलीसकट. पोरांना वाटलं, चित्रकलेचे मास्तर आले.

त्याच साली शरणप्पा आला. हळ्ळीखेडचा, आडत दुकानदाराचा पोरगा, सोलापूरला मामाकडं राहून इंग्रजीतून बी.एस्सी. झालेला. डेमॉन्स्ट्रेटर म्हणून, म्हणजे प्रॅक्टिकल करून घ्यायला. जागा कच्ची, दर वर्षी माझ्या सांगण्यावर पुढं चालणारी. त्याला एम.एस्सी. करायची होती, आणि त्यासाठी ही नोकरी टिकणं आणि माझी शिफारस, दोन्ही लागत होतं. नाहीतर आडतीवर तुरीची पोती त्याची वाट बघतच होती. हे त्यानं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मी माझे सगळे तास त्याच्यावर टाकले. "अनुभव मिळेल," म्हणालो. नव्या माणसाच्या डोक्यावर ओझं ठेवताना जुना माणूस हेच म्हणतो — नाही का?

आता मूळ गोष्टीकडं येतो. येतोय — जरा थांबा.

वर्गाच्या भिंतीला लागून बाटल्यांची खोली होती. मधल्या दाराला फट. शरणप्पाचा तास सुरू झाला की मी कपाटं तपासायच्या निमित्तानं आत जाई आणि फटीशी उभा राही. विभागप्रमुख, अंगात कोट, अमोनियाच्या वासात, कान दाराला. मला इंग्रजी शिकायचं होतं. त्याच्याकडून, पण त्याला न कळता.

आणि काय शिकवायचा तो! आधी इंग्रजीत वाक्य टाकायचा, सावकाश. मग कानडीत विचारायचा, मग आमच्या मराठीत, आणि मागच्या बाकावर कुणी हसलं तर दखनी उर्दूत टोला. एकदा बिदरी डबी घेऊन आला, जस्तात चांदीची नक्षी बसवलेली. किल्ल्यातली माती आणि नवसागर लावला की जस्ताचा भाग काळा पडतो आणि चांदी तशीच राहते — का? सगळे धातू सारखेच चिडत नाहीत, म्हणाला. मला हैदराबादेत जे पाठ करावं लागलं होतं, ते त्या दिवशी दाराआड समजलं.

एकदा मला शिंक आली. कुणीतरी विचारलं, आत कोण हाय सर? शरणप्पा म्हणाला, "उंदीर हाय. शिकायलाय बिचारा." वर्ग हसला. मीही आत तोंडावर रुमाल धरून हसलो — वाचलो म्हणून. दुसऱ्या दिवशी त्या खोलीत दाराजवळ एक स्टूल दिसलं. पट्टेवाल्यानं ठेवलं असेल, असं मी ठरवलं. बघा, किती पटकन ठरवलं. आणि बसलो.

शरणप्पा मात्र वाळत चालला होता. माझे तास, त्याची प्रॅक्टिकल, वह्या, वर स्वतःचा अभ्यास. एकदा चहा घेताना म्हणाला, "सर, एकदा येऊन मागं बसा की. मी कुठं चुकायलोय ते मला कळंना. सांगणारं कुणी न्हाई." एवढंच मागितलं त्यानं. खरं तर विभागप्रमुखाचं काम तेवढंच असतं — नव्या माणसाच्या वर्गात जाऊन बसावं, मग एकट्याला बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगाव्यात. मी म्हणालो, वेळ कुठाय रे शरणप्पा. त्या दिवशीही मी त्याचा पूर्ण तास ऐकून आलो होतो.

मग वर्गातल्या एका वकिलाच्या मुलाचं प्रकरण झालं. शरणप्पानं त्याला स्वतःच्या परीक्षानळ्या स्वतः धुवायला लावल्या. वकीलसाहेब कॉलेजच्या कमिटीवर. तक्रार आली — हा इसम वर्गात बाजारची भाषा बोलतो, याला इंग्रजी येत नाही. याला! कमिटी बसली. शरणप्पाला दाराशी खुर्ची दिली होती. प्रिन्सिपॉल भला माणूस. त्यानं मला सरळ विचारलं की विभागप्रमुख म्हणून तुम्ही यांचा वर्ग पाहिला असेलच, तुम्ही म्हणाल ते आम्ही धरू.

किती सोपं होतं. एक वाक्य. रोज ऐकतो, याच्यासारखं कुणी शिकवत नाही. पण मग पुढचा प्रश्न आला असता — कुठं बसून? आणि तुमचे तास हे का घेतात? वकीलसाहेब माझ्याकडंच बघत होते. मला माझी खुर्ची दिसली, आणि ती फ्लास्कची आकृती.

मी म्हणालो, "नेव्हर, सर. आय हॅव नेव्हर सीन हिम टीच."

एकदाही अडखळलो नाही. माझ्या आयुष्यातलं इंग्रजीतलं पहिलं धड वाक्य ते. उच्चार अगदी त्याचे होते.

शरणप्पानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. सत्र संपलं तसं त्याला नोकरीतून मोकळं केलं.

जायच्या दिवशी तो किल्ल्या द्यायला आला. किल्ल्या टेबलावर ठेवल्या, मग बाटल्यांच्या खोलीत गेला, स्टूल उचलून आणलं आणि लॅबच्या टेबलाखाली सरकवलं.

"हे लॅबचं हाय सर. मीच आत नेऊन ठेवलो होतो. उभारून तुमचे पाय दुखायलेत म्हणून."

मी किल्ल्यांचा जुडगा जवळ ओढला.

"तिथं तुम्ही असलाव म्हंजे मी जरा मोठ्यानं बोलायचो," तो म्हणाला. "मला वाटायचं, कधी न कधी चुका सांगताव."

आणि मी — अजून सांगवत नाही, पण इथवर आलोय — मी विचारलं, "सगळ्या किल्ल्या आहेत ना?" व्हय सर, म्हणाला आणि गेला. पुढं हळ्ळीखेडकडची माणसं भेटत, आडतीवर बसलेला असतो असं सांगत. एम.एस्सी. झाली नाही.

जूनमध्ये माझे तास मीच घेतले. आधी इंग्रजी, सावकाश, मग कानडी, मग मराठी. बिदरी डबी सासऱ्यांची मागून आणली. तो थांबायचा तिथं थांबलो, तो हसवायचा तिथं हसवलं. भाषेची तक्रार कुणी केली नाही. विभागप्रमुखाची कोण करणार? एके दिवशी प्रिन्सिपॉल मागच्या बाकावर येऊन बसले, आणि तास संपल्यावर माझा हात हातात घेऊन म्हणाले की असं शिकवणारा या भागात दुसरा नाही. मी म्हणालो, थँक यू, सर. हेही बिनचूक.

छप्पन साली हैदराबाद राज्य मोडलं, जिल्हे इकडचे तिकडं गेले, माझी बदली झाली. तोवर मी तिथंच होतो. त्या स्टुलाला नंतर कधी शिवलो नाही, असं लिहायला बरं वाटलं असतं. पण रोज बसत होतो. बसायला चांगलं होतं.