रोडग्यांची वेबसाइट आणि माझे बारा हजार

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीनंतर शाळा सुटली. मग हातात उलथणं आलं, पेन राहिलं ते राहिलंच. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर माफी असावी. बाकी जे लिहिते आहे त्याबद्दल माफी मागणार नाही.

फोन आला तेव्हा मी घरी पीठ चाळत होते.

"कुठं आहा बाई तुमी?"

"घरी. कोन बोलता?"

"घरी? इथं शेतातल्या मारुतीपाशी सत्तर माणूस येऊन बसलं. गोवऱ्या नाई, पीठ नाई, बाई नाई! नवसाचे रोडगे हायेत, चेष्टा लावली काय?"

मला काहीच माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

"वेबसाइटवर ऑर्डर देली ना! तुमच्या मॅनेजरनं कन्फर्म म्हणून सांगतलं. आता तो फोन उचलत नाई, तुमचा नंबर लोकाइले इचारून काढला."

मॅनेजर! आमच्या धंद्यात दोन माणसं. एक मी, दुसरी माझी जाऊ शोभा. मॅनेजर कुठून आला?

ज्यांनी रोडगे खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. गव्हाच्या जाडसर पिठात तेलाचं मोहन घालून गोळे करायचे, एकात एक थर द्यायचे, आणि पेटलेल्या गोवऱ्यांच्या जगऱ्यात म्हणजे निखाऱ्यात भाजायचे. सोबत वांग्याची झणझणीत भाजी, वरण, वरून तूप. हे दोघा-चौघांसाठी कोणी करत नाही. नवस फेडायचा असला, शेतात देवाचं जेवण असलं की करतात. आमच्याकडे भाजायचं काम माणसांचं समजतात. बायकांनी वांगी चिरायची. मी आणि शोभा भाजायलाही बसलो, आणि ऑर्डरी घ्यायला लागलो. आमच्या पांढरकवड्यात पहिल्या वर्षी लोक हसले. दुसऱ्या वर्षी त्याच लोकांनी बोलावलं.

तर त्या दिवशी ऑटोत पीठ, वांगी आणि गोवऱ्यांची पोती टाकून आम्ही झरी जामणीच्या रस्त्याला लागलो. पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. अर्धी माणसं उपाशी परत गेली होती. उरलेल्यांची पंगत दिवेलागणीला बसली. ज्यांचा नवस होता ते काका जेवले नाहीत. पैसे दिले, पण तोंड फिरवून.

"पुन्हा तुमाले बलावत नाई," म्हणाले.

माझा धंदा नावावर चालतो. बोर्ड नाही, दुकान नाही. "ती बाई येते म्हणली की येते," एवढंच माझं भांडवल. ते त्या दिवशी झरीच्या रस्त्यावर सांडलं.

आता मॅनेजरचं सांगते. त्याच्या चार महिने आधी मी मंगेशकडे वेबसाइट बनवायला दिली होती. मंगेशचं स्टँडजवळ कॉम्प्युटरचं दुकान आहे. नागपूरला, पुण्याला गेलेली इकडची माणसं गावी कार्यक्रम ठेवतात आणि फोनवर शोधतात. तिथं आपलं नाव दिसावं, एवढीच माझी इच्छा होती. मंगेशने बारा हजार आगाऊ घेतले. त्यात निम्मे शोभाचे. त्याने जी वेबसाइट दाखवली ती चकचकीत होती. मी ती त्याच्याच कॉम्प्युटरवर, त्याच्या खांद्यावरून पाहिली. सगळं इंग्रजी. मी लाजाळू आहे. काय लिहिलं आहे हे विचारायला जीभ रेटली नाही.

झरीहून आल्यावर दुसऱ्या दिवशी विचारलं.

"मंगेशभाऊ, त्या साइटवर फोन नंबर कोनाचा हाये?"

"माझा. काकू, तुम्हाला दिवसभर फोन आले असते. लोक हिंदी-इंग्रजीत बोलतात. तुम्ही घाबरल्या असत्या. म्हणून मीच हँडल करून राह्यलो."

"मंग झरीची ऑर्डर?"

"ती माझ्या डोक्यातून निसटली. होतं एखाद्या वेळी."

"सत्तर माणूस बसलं होतं तिथं."

"सॉरी म्हणलं ना काकू."

"नंबर बदला. माझा टाका."

"बदलतो. पण चेंजेसचा चार्ज वेगळा. आणि आता सिझन आहे, आठवडा लागेल."

मी म्हटलं, "कसं बदलायचं ते मलेच सांगा. पासवर्ड द्या."

तो हसला. वाईट नाही हसला, लहान मुलाने हाकायला बैलगाडी मागितल्यावर हसावं तसा हसला. "तुम्हाला नाही जमणार ते. उगा काही दाबून बसाल."

"मंग पैसे वापस द्या."

"अ‍ॅडव्हान्स रिफंड होत नसतो."

घरी आले. माझे मालक कापसाच्या जिनिंगात कामाला आहेत. ते म्हणाले, "बारा हजार पाण्यात गेले समज." मी तसं समजले नाही.

आधी वेबसाइट स्वतः करायची ठरवली. शोभा म्हणाली, "बाई, आपल्याले रिमोटचं बटन सापडत नाई." मी म्हटलं, "जगरा लावनं तरी कोनी शिकवलं होतं?" मग तिनेच फोन चार्जिंगला लावला.

फोनला तोंडाने विचारलं की तो शोधून देतो. त्याला आमची बोली कळत नाही. "मले वेबसाइट बनवाची हाये" म्हटलं तर मालेगावच्या बातम्या आल्या. शाळेतल्या बाईंसारखं हळू आणि स्वच्छ बोलले, तेव्हा कळलं त्याला.

पहिलं साधन दिसलं त्यात सगळं स्वतः लिहायचं होतं. कंस, आकडे, इंग्रजी अक्षरं. त्याला कोड म्हणतात. शिवाय साइट ठेवायला जागा वेगळी भाड्याने घ्यायची. तिला होस्टिंग म्हणतात. शेतही आपण नांगरायचं आणि शेताचं भाडंही आपणच भरायचं. ज्याला शिकायचं आहे त्याने जरूर करावं. मला रोडगे विकायचे होते. ते बंद केलं.

दुसरं फार नावाजलेलं होतं. त्यात हजारो तयार नमुने मिळतात. नमुन्याला टेम्प्लेट म्हणतात. मी हॉटेलचा नमुना घेतला. त्यात टेबल बुक करा, डिलिव्हरी बॉय कुठे पोचला, आजचा कॉकटेल, असं सगळं होतं. एकेक काढत बसले. एक काढलं की दुसरं हलायचं. फोनवर तर अर्धी बटणं स्क्रीनच्या बाहेर. शोभा म्हणाली, "हे लग्नाच्या रुखवतावानी हाये. दिसाले लई, कामाचं थोडं."

तिसरं अगदी साधं होतं. एक कोरं पान. त्यात चौकोन टाकायचे. चौकोनात एकतर फोटो, नाहीतर अक्षरं, नाहीतर फोन नंबर. बास. फोनवर चालत होतं, मराठी घेत होतं, पैसे मागत नव्हतं. फक्त पत्त्यात त्या कंपनीचं नाव आपल्या नावाच्या मागे लागत होतं. लागू दे. सासरचं नाव लागतंच की.

पण मी लगेच हो म्हटलं नाही. आधी एक पाहिलं. भाजीत मीठ जास्त पडलं तर काढता येत नाही. सत्तर माणसांची भाजी असली तर सत्तर माणसं बोलतात. म्हणून मी मुद्दाम अख्खं पान पुसून टाकलं. शोभाने डोक्याला हात लावला. मग वर एक वळलेला बाण होता तो दाबला. पान परत आलं. फोटोसकट आलं. म्हटलं, इथं मीठ काढता येतं. हेच आपलं.

दुसरी गोष्ट मंगेशने शिकवली होती, फी घेऊन. पासवर्ड माझा, फोन नंबर माझा, ईमेल माझा. ईमेल काढताना नाव, जन्मतारीख सगळं माझं टाकलं. साइट म्हणजे घर असेल तर पासवर्ड ही किल्ली आहे. किल्ली आपल्या पदराला असली पाहिजे. ती कुणाकडे ठेवली असेल तर घर त्याचं.

फोटो आम्हीच काढले. जगऱ्याचे, फुटलेल्या रोडग्यातून वाफ निघते त्याचे. माझा स्वतःचा टाकायला मी तयार नव्हते. शोभा म्हणाली, "बाई भाजते हे दिसलं पाह्यजे ना? नाईतं मॅनेजरच दिसन." टाकला. पदर डोक्यावर, हातात चिमटा, नजर जगऱ्याकडे.

खाली ऑर्डरचा फॉर्म केला. नाव, गाव, तारीख, आणि "किती". साइट सुरू केली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुण्याहून ऑर्डर आली. कार्यक्रम उमरखेडजवळच्या शेतात. "किती"च्या चौकोनात लिहिलं होतं, दोनशे.

आमच्याकडे रोडगे माणसांवर मोजत नाहीत. पायलीवर मोजतात. पायली हे धान्याचं माप. "पाच पायल्याचे रोडगे हायेत" म्हटलं की सगळ्यांना कळतं किती मोठं जेवण. म्हणून मी "किती" लिहून सोडून दिलं होतं. पायली लिहायची गरजच वाटली नाही. दोनशे पायल्या म्हणजे अख्खा तालुका जेवेल!

धीर करून फोन लावला. पलीकडे एक बाई होत्या.

"ताई, दोनशे पायल्या?"

"पायल्या? कसल्या? पायात घालतात त्या?"

"नाई ताई, पिठाच्या."

"अहो, दोनशे माणसं आहेत आमची!"

आम्ही दोघीही हसलो. मी अनोळखी बाईशी फोनवर एवढं कधी हसले नव्हते. मग त्यांनी विचारलं, "माप तुम्हीच ठरवा ना. आम्हाला काय कळतं?"

फोन ठेवला आणि फॉर्म उघडला. "किती"च्या जागी "माणसं किती" केलं. खाली लिहिलं, "पायलीचा हिशोब आम्ही करू." चहा उकळायच्या आत झालं. मंगेशकडे असते तर याला चार्ज लागला असता आणि आठवडा गेला असता. त्या आठवड्यात अजून कोणी दोनशे पायल्या मागितल्या असत्या. उमरखेडचं जेवण चांगलं झालं. त्या ताईंच्या नातेवाइकांनी पुढची तारीख तिथंच घेतली.

आता पैसे.

मला भांडता येत नाही. आवाज चढवला की माझ्याच डोळ्यात पाणी येतं. म्हणून भांडले नाही. बाजाराच्या दिवशी भाजी घेतली, पिशवी घेऊन मंगेशच्या दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर बसले.

"काय काकू?"

"बारा हजार."

"सांगितलं ना, होत नाही म्हणून."

"बरं."

बसून राहिले. पुढच्या बाजाराला पुन्हा. त्याच्या पुढच्यालाही. येणारे-जाणारे विचारायचे, "काय काम हाये बाई?" मी खरं होतं ते सांगायची, "पैसे वापस पाह्यजे." याहून एक शब्द जास्त नाही.

मंगेश वैतागला. "काकू, तुमच्यामुळे गिऱ्हाईक पळून राह्यलं."

"मी कोनाले काई म्हनलं काय? बसूनच तं हाये."

"लोक काय समजतील?"

"जे हाये ते समजतीन."

त्याने निम्मे देऊ केले. मी म्हटलं, "निम्मी ऑर्डर नोती इसरली तुमी." मग म्हणाला, मेहनत तरी झाली ना माझी. मी म्हटलं, मेहनत झरीच्या काकांना सांगा.

एकदा मंगल कार्यालयाचे मालक आले. त्यांना मोठी वेबसाइट करायची होती. मंगेश आत प्रिंटर बघत होता. त्यांनी मलाच विचारलं, "तुम्ही वेबसाइट इथूनच करून घेतली का? कसं आहे काम?"

माझे कान तापले. मोठ्या माणसाशी बोलायची सवय नाही. तरी बोलले. "काम दिसाले चांगलं हाये साहेब. फकत नंबर आनि पासवर्ड कोनाकडं राहीन, ते आधी इचारून घ्या."

मंगेश बाहेर आला तेव्हा त्यांनी तेच विचारलं. मंगेश म्हणाला, "ते आमच्याकडेच असतं सर, सेफ्टीसाठी." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "विचार करून सांगतो," म्हणाले आणि गेले.

मंगेश काउंटरमागून माझ्यासमोर आला. ओरडेल असं वाटलं. पिशवीचे बंद मी घट्ट धरून ठेवले होते. उठले मात्र नाही.

"तुम्ही अशाच बसणार का?"

"हो."

त्याने माझ्यासमोर ती जुनी साइट बंद केली. त्यावरचे रोडग्यांचे फोटो काढून टाकले. मी खात्री करायला माझ्या फोनवर उघडून पाहिली. पान सापडत नाही असं आलं. पैसे मात्र पुढच्या बाजाराला देतो म्हणाला. मी म्हटलं, येते.

झरीच्या काकांना मी नंतर दोनदा फोन केला. त्यांनी उचलला नाही. ते नाव गेलं ते गेलं. वेबसाइटवर वळलेला बाण असतो. माणसाच्या मनात तो नसतो.

कोणी पहिल्यांदा वेबसाइट करणार असेल तर माझं सांगणं एवढंच. साधन दिसायला साधं असलं तरी चालेल. आपल्या हाताने बिघडवता आलं पाहिजे आणि आपल्याच हाताने दुरुस्त करता आलं पाहिजे. "तुम्हाला नाही जमणार" असं जो सांगतो, तो त्याच वाक्याचे पैसे घेतो.

पुढच्या बाजाराला मी गेले. शोभाही आली. मंगेशने ड्रॉवरमधून नोटा काढल्या आणि काउंटरवर ठेवल्या. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मोजून घ्या."

शोभाने थुंकी लावून मोजल्या. बारा हजार, पूर्ण. निम्मे तिने तिथंच स्वतःच्या बटव्यात ठेवले, निम्मे माझ्या हातात दिले, आणि आम्ही वांगी घ्यायला बाजारात गेलो.