बाद झालेल्यांच्या जागी

आमच्या कबड्डी स्पर्धेत राष्ट्रगीत वाजवायचं काम माझ्याकडे होतं. लॅपटॉपवर दोन फायली, आधी ओमानचं, मग आपलं. मध्ये थोडी उसंत द्यायची, म्हणजे लोकांना अंग खाजवायला वेळ मिळतो. माइकही माझ्याकडेच असायचा, कारण कॉलेजात मी तालुक्याच्या संघातून खेळलेले, त्यामुळे कोण बाद आणि कोण जिवंत हे मला कुणी समजावून सांगावं लागत नसे. शिवाय माझा आवाज खणखणीत आहे. नवऱ्याच्या मते तो खणखणीत नसून कर्कश आहे, पण त्याला कोण विचारतो!

नवरा मस्कतजवळच्या रुसैलच्या एका कारखान्यात मेंटेनन्स सुपरवायझर. आम्ही राहतो अल् खुवैरला. थंडी पडली की दर शुक्रवारी कारखान्याच्या कॅम्पमागच्या मोकळ्या जागेत वाळू सपाट करून, पाणी मारून, चुन्याच्या रेषा आखून मैदान तयार व्हायचं. आसपासच्या कारखान्यांतल्या भारतीय पोरांचे संघ. आमच्या कारखान्याच्या संघात बहुतेक रत्नागिरी-रायगडचे, मध्ये दोघे साताऱ्याकडचे. नवरा त्यांचा कोच. आठवडाभर मशीनच्या ग्रीसमध्ये हात घालणारा हा माणूस शुक्रवारी शिट्टी गळ्यात अडकवून असा चालायचा की जणू देशाचा संघ याच्याच हाताखाली तयार होतोय.

आणि आमच्या संघात एक केनियाचा होता. कारखान्याच्या गोदामात माल चढवायचं-उतरवायचं काम करायचा, राहायचा कॅम्पातच. आधी नुसता रेषेबाहेर उकिडवा बसून बघायचा. एके दिवशी एक गडी कमी पडला म्हणून नवऱ्याने त्याला हाक मारली. पाय असे लांब की मध्यरेषेवरून निघाला तर दोन ढांगांत बोनसच्या रेषेवर. दम तर विचारूच नका. 'कबड्डी, कबड्डी' तो त्याच्याच ठेक्यात म्हणायचा, गाण्यासारखं, आणि पंच पहिल्यांदा गोंधळले होते की याला दम धरणं म्हणायचं की भजन. सामना संपला की लिंबूपाणी घ्यायला माझ्या टेबलाशी यायचा. "भाबी, शुक्रन," म्हणायचा. मैदानात जाताना आमच्या पोरांसारखाच वाकून मातीला हात लावायचा आणि कपाळाला लावायचा. कुणी शिकवलं नव्हतं त्याला.

उपांत्य सामन्यात मी ते पहिल्यांदा पाहिलं. समोरच्या संघाने त्याची पकड केली. चौघे अंगावर पडले, धूळ उडाली, शिट्टी झाली. उठल्यावर चौघांनीही आपले तळवे चड्डीला पुसले. मला वाटलं घाम असेल. पण आमचा दुसरा चढाईवाला गळक्या नळासारखा घामाने निथळतो, त्याला धरल्यावर कुणी हात पुसला नाही. पुढच्या चढाईला पुन्हा तेच. पुन्हा पुसले, या वेळी एकमेकांकडे बघून हसत. मग प्रेक्षकांतून आवाज यायला लागले. आधी 'काळ्याला धर', मग माकडाचे. पंचांनी आपली शिट्टी नीट न्याहाळली. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा, हात पुसणं फाऊल नाही. पण ज्या खेळात अंगाला अंग लावल्याशिवाय एक गुण मिळत नाही, त्यात माणूस धरून हात पुसायचे म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको होतं. गावी आमच्या शाळेच्या मैदानावर काही मुलींना धरायला बाकीच्या का-कू करत, ते मी विसरले नव्हते.

सामना आम्ही जिंकला. तो लिंबूपाणी घ्यायला आला नाही.

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी नवऱ्याला केबिनमध्ये बोलावलं. साहेब आपल्याकडचेच, स्पर्धेच्या समितीचे अध्यक्षही तेच. प्रमुख पाहुणे येणार, फोटो निघणार, फायनलला फक्त इंडियन मुलं खेळवा, असं सांगितलं. नवरा म्हणाला, समोरच्या संघात नेपाळचा मुलगा आहे. त्यावर साहेब काय म्हणाले ते नवऱ्याने घरी येऊन मला जसंच्या तसं सांगितलं.

"वो चलता है यार, वो अपने जैसा दिखता है."

नवरा जेवायला बसला आणि ताटाकडे बघत राहिला. आमची लेक यंदा दहावीला. ती मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "बाबा, फॉरेनमध्ये ना, प्लेअर्स अँथमला टेक अ नी करतात. म्हणजे एक गुडघा... खाली. रेसिझमसाठी. आय मीन, रेसिझमच्या अगेन्स्ट."

"गुडघे टेकायचे?" नवरा म्हणाला. "आपल्याकडे हरलेला माणूस गुडघे टेकतो गं."

"तसं नाही, बाबा. इट्स अ प्रोटेस्ट."

एवढी वर्षं संसार केल्यावर याच्या डोक्यात काहीतरी शिजतंय हे मला वासावरून कळतं. लेक आत गेल्यावर मी म्हटलं, "अहो, पाण्यात राहून माशाशी वैर नको. तुमच्या कॉन्ट्रॅक्टची सही याच महिन्यात व्हायची आहे. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की आपण तिघं विमानात. तिची दहावी अर्धी."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय, तेच. माहीत आहे," तो म्हणाला आणि उठून हात धुवायला गेला.

मी त्याला अडवलं नाही, कर असंही म्हटलं नाही. ओटा पुसला, डबे लावले. त्या माकडांच्या आवाजापासून माझ्या आत काहीतरी बधिर होऊन बसलं होतं, मांडी घालून फार वेळ बसलं की पाय होतो तसं. राग यायला हवा होता, भीती तरी वाटायला हवी होती. दोन्ही येईनात.

शुक्रवारी पाहुणे अर्थातच उशिरा आले. शाल तयार, हायपरमार्केटातून आणलेला नारळ तयार, सँडविचवर झाकलेला प्लॅस्टिकचा कागद वाऱ्याने फडफडतोय. पाहुणे आले आणि मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची अजान झाली, म्हणून सगळे पुन्हा थांबले. तो केनियाचा मुलगा पँट-शर्ट घालून आला होता. नवऱ्याने त्याला फोन करून बघायला ये म्हणून सांगितलं होतं आणि मैदानाच्या कडेला, बाद झालेले खेळाडू ज्या चुन्याच्या चौकोनात बसतात, तिथे बसवलं होतं. इस्त्री केलेला शर्ट होता. फोटो निघणार हे त्यालाही कुणीतरी सांगितलं असावं.

दोन्ही संघ रांगेत उभे राहिले. मी ओमानचं राष्ट्रगीत लावलं. आमची पोरं काठीसारखी ताठ. या देशाशी त्यांचं भांडण नव्हतं, आणि असतं तरी ते इथे करायचं नसतं एवढी अक्कल प्रत्येकाला होती. ते संपलं. चौकोनात ताठ उभा असलेला तो केनियाचा मुलगा पुन्हा खाली बसला, मी नेहमीप्रमाणे थोडी उसंत दिली. त्या उसंतीत आमचे सातही जण रांग सोडून चालत निघाले, घाई न करता, बाद झाल्यावर जातात तसे, आणि त्या चौकोनात जाऊन मांडी घालून ओळीने बसले. शेवटी नवरा जाऊन बसला. त्याने शिट्टी गळ्यातून काढून समोर वाळूत ठेवली. मला वाटतं तेव्हा सगळ्यांना कळलं. एकाला न खेळताच बाद केलंत, तर आम्हीही बाद.

माझं बोट बटणावर होतं. लावायचं की नाही, असा विचार मी केला असं म्हणायला आवडलं असतं. केला नाही. ती फायल लावायची वेळ झाली होती, मी लावली.

आणि मग एक अशी गोष्ट झाली की जी कुणीच ठरवली नव्हती. राष्ट्रगीत सुरू होताच तो केनियाचा मुलगा उठून उभा राहिला. त्याला वाटलं उभं राहायचं असतं, नेहमीच राहायचा तो. बरोबर होतं त्याचं. तो आमच्या राष्ट्रगीताला हात सरळ ठेवून उभा, आणि त्याच्या पायाशी आमचे आठ भारतीय बसलेले. त्याने एकदा खाली बघितलं, त्याला काही समजेना, पण तो बसला नाही.

साहेबांचे डोळे माझ्यावर. हात अंगालगत ताठ, फक्त भुवया हलत होत्या, बंद कर, बंद कर. पण राष्ट्रगीत मध्येच कसं तोडायचं? तो तर अपमान. जोवर ते वाजत होतं तोवर कुणाला हलता येत नव्हतं, ओरडता येत नव्हतं, पोरांना कॉलर धरून उठवता येत नव्हतं. पाहुणे, समिती, माकडाचे आवाज काढणारे, सगळे जागच्या जागी खिळलेले. माझ्या नवऱ्याला कुणी हात लावू शकणार नाही अशी तेवढीच वेळ होती, आणि ती मी वाजवत होते. हे सगळं मला दिसत होतं, समजत होतं. वाटत मात्र काही नव्हतं. मी वाळूतल्या शिट्टीकडे बघत होते, तिच्यात वाळू जाईल आणि ती वाजायची नाही, एवढंच डोक्यात आलं.

संपल्यावर जे व्हायचं ते झालं. कुणीतरी त्वेषाने 'भारतमाता की जय' म्हटलं, कुणी 'गद्दार'. साहेबांनी माझ्या हातातून माइक घेतला आणि आमचा संघ बाद, असं जाहीर केलं. आधीच बाद होऊन बसलेल्यांना पुन्हा बाद केलं! चषक समोरच्यांना मिळाला, त्यांच्यातल्या नेपाळच्या मुलाने तो उंच धरला, फोटो निघाले. शाल पाहुण्यांना घालून झाली. सँडविच उरली ती आमच्याच पोरांनी खाल्ली, भूक लागली होती त्यांना.

 परत येताना गाडीत मागच्या सीटवरून लेक फक्त म्हणाली, "बाबा, यू वेअर... चांगला होतास." एरवी त्याने तिचं मराठी दुरुस्त केलं असतं.

मग आम्ही वाट बघत बसलो. रविवारी तो कामावर गेला, मी फोन जवळ ठेवून वरणाला फोडणी दिली. फोन आला नाही. सोमवारी नाही. मी मनातल्या मनात सामान बांधून ठेवलं होतं, कुठली भांडी न्यायची, कुठली शेजारणीला द्यायची. आठवडा गेल्यावर साहेबांनी त्याला बोलावलं, खूप बोलले, देश म्हणजे काय ते समजावलं आणि शेवटी खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू सेंटिमेंटल आदमी है." कॉन्ट्रॅक्टवर सही झाली. संघातल्या पोरांना समज देऊन सोडलं. मशीन बंद पडलं तर उघडणार कोण, हे साहेबांना पक्कं माहीत होतं.

त्याच दिवशी त्या केनियाच्या मुलाला सांगितलं, तुझी बदली इब्रीला, लांब आतल्या भागात, तिथल्या गोदामात. उद्या सकाळच्या ट्रकबरोबर. यल्ला, चल निघ. त्याने काय केलं होतं? आमच्या राष्ट्रगीताला उभा राहिला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. नवऱ्याला ही गोष्ट कळली तेव्हा ट्रक निघून गेला होता.

"आपलं काहीच झालं नाही," तो त्या संध्याकाळी म्हणाला. "आपलं काहीच झालं नाही गं." सुटलो असं म्हणणाऱ्या माणसाचा तो आवाज नव्हता.

आम्ही इब्रीला गेलो ते सुमारे महिन्याने, एका शनिवारी. मी चिकन पुलाव केला होता, मोठा डबा भरून. गोदाम गावाबाहेर, समोर नुसता सपाट दगडगोट्यांचा मुलूख. तो ट्रकच्या मागून आला, आम्हाला बघून दात दाखवून हसला. बारीक झाला होता. डबा घ्यायचा म्हणून आधी नळावर गेला, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, झटकले, मग डबा घेतला आणि आत नेऊन ठेवून आला.

"इदर कबड्डी नहीं है, भाबी," तो म्हणाला. "फुटबॉल है. थोडा थोडा."

नवऱ्याने वाटेत बरंच काही ठरवून ठेवलं होतं, हिंदीतून, इंग्रजीतून.  "सॉरी. मेरे वजह से," एवढंच म्हणाला.

"खलास, खलास," तो म्हणाला, झालं ते संपलं अशा अर्थाने. पाठ थोपटल्यासारखं.

निघताना नवऱ्याने हात पुढे केला. तो मुलगा थांबला. त्याने आपला उजवा तळवा पँटला पुसला, उलटा केला, दुसऱ्या बाजूनेही पुसला, नीट, आणि मग नवऱ्याच्या हातात दिला. आत्ताच साबणाने धुतलेला हात होता तो. नवऱ्याच्याही लक्षात आलं, कारण त्याचा चेहरा मी पाहिला.

मग तो माझ्याकडे वळला आणि त्याचा हात पुन्हा पँटकडे गेला. तेव्हा इतक्या दिवसांचं ते माझ्या आतलं बधिर झालेलं सगळं एकदम दुखायला लागलं. मी पुढे होऊन त्याचं मनगट पकडलं, मैदानावर धरतात तसं, दोन्ही हातांनी, घट्ट, आणि त्याला हात पुसू दिला नाही.