आधी समोरच्याची बाजू सांगा

दिघे सरांच्या रविवारच्या वर्गाचे किस्से लिहून ठेव, असं मला सगळेच सांगतात. पण एक लिहावा तोवर पुढचा रविवार उजाडतो!

सर रिटायर्ड प्रोफेसर. अन्नपूर्णा भागात त्यांच्या घरी आम्ही चौघं जमतो. विषय एकच, राजाला सत्ता दिली कोणी? युरोपातल्या जुन्या विचारवंतांचा हा प्रश्न, पण सर म्हणतात त्याची मुळं त्याही आधीच्या मठांत, पाद्र्यांच्या वादविवादात आहेत. तिथला एक नियम त्यांनी आम्हालाही लावलाय. विरोध करायचाय? आधी समोरच्याची बाजू सांगा. तो "बरोबर" म्हणाला की मगच बोला.

*

एकदा सर म्हणाले, "बरं-वाईट कळायला राजा लागत नाही. माणसाला उपजत विवेक असतो."

बाहेर येऊन बघतो तर सरांची नवी चप्पल गायब!

"सर, विवेक?" मी विचारलं.

"होता ना! पाच जोड्यांतून बरोबर नवीच उचलली."

*

आमच्यातला निखिल शहराबाहेर सिमरोलला इंजिनियर आहे. बॉसचा प्लॅन त्याला मुळीच पटला नव्हता. नियमाप्रमाणे त्याने आधी बॉसची बाजू मांडली, आणि इतकी झकास मांडली की बॉस उठून म्हणाला, "बस भिया, यही तो मैं कह रहा था! अब तू ही संभाल."

विरोध राहूनच गेला.

*

वर्ग आठऐवजी नऊला करावा, असं आम्ही एकमताने ठरवलं. सर म्हणाले, "प्रजेने एकदा दिलेली सत्ता परत मिळत नाही."

"मागच्या रविवारी तर मिळते म्हणालात!"

"मागच्या रविवारी तुम्ही वेळेवर आला होतात."

*

गेल्या महिन्यात सरांचा मुलगा पुण्याहून आला. घर विकून आईबाबांनी तिकडे यावं, असा त्याचा हट्ट. म्हणजे आमचा वर्ग बंद!

"आमची संमती नाही!" सर गरजले.

"आईची आहे."

"तिचीही नाही!"

काकू पोहे घेऊन बाहेर आल्या. इतक्या वर्षांत त्या वर्गात एकदाही बोलल्या नव्हत्या.

"अहो, आधी माझी बाजू सांगा. मी बरोबर म्हटलं की मग भांडा दोघं."

सर सावरून बसले. "तुला मुलाकडे जायचंय."

"चूक."

"मग इथेच राहायचंय."

"चूक."

मुलाने तोंड उघडलं, "आई, तुला ना..."

"तूपण चूक."

पोहे गार झाले. कुणी हात लावला नाही. शेवटी सरांनी माझ्या हातातली वही आणि पेन ओढून घेतलं.

"हळू सांग," ते काकूंना म्हणाले, "लिहून घेतो."