रोंडाची गप्प डबी

रोंडा कार्व्होनेनला कुणी चूक दाखवली की आधी तिचे कान लाल होतात, मग ती तासभर त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालते, आणि मग चूक दुरुस्त करते. हा क्रम हॅनकॉक गावात तिला ओळखणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. पेस्टीवर, म्हणजे मांस-बटाटा भरून भाजलेल्या मोठ्या करंजीवर, केचप घालायचं की ग्रेव्ही, यावरून ती चर्चच्या जेवणात पास्टरबाईंशीही भांडली आहे. (ती केचपवाली. आणि पास्टरबाई चुकीच्या आहेत, हे माझंही मत.) पण मनात अढी ठेवत नाही. ग्रेव्हीवाल्यांच्या घरचा बर्फही तीच काढून देते.

पोटापाण्यासाठी ती लिनक्स या संगणक प्रणालीसाठी ड्रायव्हर लिहिते. एखादी चिप आपल्या भाषेत बडबडत असते आणि संगणकाला त्यातलं काही कळत नसतं. दोघांच्या मधला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. हे काम घरी खुर्चीत बसून, लोकरीचे मोजे घालून करता येतं, म्हणून तिला ते आवडतं.

ही गोष्ट तिच्या वडिलांच्या डबीची आहे. आर्वो कार्व्होनेन, वय ऐंशीच्या पुढे, टोइव्होला गावात जंगलाच्या कडेला एकटा राहतो. लाकूड स्वतः फोडतो, सॉना, म्हणजे वाफ घ्यायची लाकडी खोली, स्वतः तापवतो, कॉफी इतकी काळी पितो की पाहुणे दुसऱ्या कपाला हात लावत नाहीत. मागच्या हिवाळ्यात तो लाकडांच्या शेडमध्ये पडला, आणि शेजारी अंडी द्यायला आला तोवर तसाच पडून राहिला. तेव्हापासून रोंडाचा भाऊ केन्ट ग्रीन बे शहरातून दर रविवारी फोन करून एकच टुमणं लावत होता.

"इकडे एक चांगली जागा आहे, रोंडा. नर्स आहेत, जेवण आहे."

"सॉना आहे?"

"थट्टा करू नकोस. पुन्हा पडला आणि कुणाला कळलंच नाही, तर? मग मी ऐकणार नाही. सरळ गाडीत घालून आणीन."

म्हणून रोंडाने डबी बनवली. कमरेच्या पट्ट्याला अडकवायची, साबणाच्या वडीएवढी. आत हालचाल मोजणारी चिप आणि एक चिमुकला संगणक. माणूस धाडकन पडला आणि उठून चालायला लागला तर डबी गप्प बसते. पडून तसाच राहिला तर रोंडाच्या आणि केन्टच्या फोनवर वर्दी जाते. कल्पना झकास होती. बॅटरी मात्र दुपारीच मान टाकायची. मग डबी स्वयंपाकघरात चार्जिंगला, आणि म्हातारा अंगणात बर्फ ढकलत मोकळा.

दोष ड्रायव्हरचा होता. तो कुणीतरी पूर्वी लिहून ठेवलेला, आणि त्याची रीत अशी की संगणकाने चिपला सारखं विचारत राहायचं, काही हललं का, काही हललं का. दारावर कुणी आलं का ते बघायला माणूस दिवसभर उठबस करत राहिला तर दमणारच. चिपला खरं तर एक वेगळी तार होती. काही घडलं की ती तार वर उचलायची आणि झोपलेल्या संगणकाला जागं करायचं. यालाच इंटरप्ट म्हणतात. दाराला घंटा होती, पण ती कुणी जोडलीच नव्हती. रोंडाने ती जोडली. उशीवर डबी आपटून पाहिली, दर वेळी फोन वाजला. बॅटरी आठवडाभर टिकायला लागली. तिने खुशीत डबी नेऊन आर्वोच्या पट्ट्याला लावली आणि केन्टला कळवलं.

इथे थांबली असती तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण या लिनक्सवाल्यांच्यात आपल्यापुरतं लिहून खिशात ठेवायची पद्धत नाही. जुना ड्रायव्हर सगळ्यांचा, तर सुधारणाही सगळ्यांची. अशी सुधारणा, म्हणजे पॅच, मेलिंग लिस्टवर, सगळ्यांना जाणाऱ्या ईमेलने, पाठवायची, जगातल्या कुणीही ती चव्हाट्यावर उकरावी, आणि तो भाग सांभाळणाऱ्याने हो म्हटलं की मगच ती आत जाते. हा भाग सांभाळणारा क्लासेन नावाचा गृहस्थ विनिपेगचा. रोंडाने त्याला कधी पाहिलेलं नाही, पण तिच्या मते तो चहासुद्धा मोजूनमापून पीत असणार. तिने पाठवलेलं त्याने आधीही परत केलं होतं, कधी नावं बदल म्हणून, कधी एकाचे दोन तुकडे कर म्हणून. या वेळी त्याने एवढंच लिहिलं:

"तार वर जाते त्या क्षणालाच तुझा ड्रायव्हर जागा होतो. पहिलं कारण, म्हणजे एखादा धक्का, निस्तरत असतानाच दुसरं आलं, तर तार खाली येईल का?"

रोंडाचे कान लाल झाले.

"कीस पाड तू नुसता!" ती संगणकाच्या पडद्याला म्हणाली. "माझ्या टेबलावर चालतंय ना!" आणि स्टोव्हमध्ये उगाचच एक ओंडका कोंबला.

रागाचा तास संपला. पहिली डबी आर्वोच्या पट्ट्याला होती, म्हणून तिने तपासणीसाठी घरी ठेवलेली दुसरी डबी हातात घेतली. आजवर तिने डबी दर वेळी एकदाच आपटली होती. आता लागोपाठ दोनदा आपटली. मग वाट पाहिली, आणि पुन्हा एकदा आपटली. फोन वाजला नाही. मग तिने ती डबी पलंगावर, जमिनीवर, दिसेल तिथे आपटली. डबी मूग गिळून बसली.

आणि तिला सगळं लख्ख दिसलं. संगणकाने सगळी कारणं ऐकून घेतल्याशिवाय चिप तार खाली आणत नाही. पहिलं कारण निस्तरताना दुसरं घुसलं की तार वरच राहते. वरच असलेली तार पुन्हा वर कशी जाणार? आणि संगणक तर वर जाण्याचीच वाट बघत झोपलेला. म्हणजे ट्रॅक्टरवरून उडी मारताना, कुऱ्हाड मारताना आर्वोला लागोपाठ दोन धक्के बसले की डबी त्या घडीपासून बहिरी. आणि ती बहिरी डबी घालून तिचा बाप गेला आठवडाभर हिंडत होता. डबी वाजत नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून ती आणि केन्ट निवांत बसले होते.

तिने फोन लावला. आर्वोने उचलला नाही. पुन्हा लावला. नाहीच. लॅपटॉप बगलेत मारून ती ट्रकमध्ये बसली. तळ्यावरून आलेला बर्फ रस्त्यावर आडवा उडत होता. सगळा रस्ता ती क्लासेनला नाही, स्वतःलाच शिव्या घालत होती.

टोइव्होलाचं वळण घेतलं आणि सॉनाच्या धुरांड्यातून धूर दिसला. तिने हॉर्नवर हात दाबून धरला. दार उघडून आर्वो बाहेर आला, कमरेला टॉवेल, अंगातून वाफा, उकडलेल्या बीटासारखा लाल.

"काय गं, आग लागली की काय कुठे?"

रोंडाचा जीव भांड्यात पडला. ट्रकमधून उतरून ती पायरीवरच बसली.

"फोन का नाही उचलत, बाबा?"

"सॉनात फोन नेऊ? वितळवू?"

कपडे करून तो कॉफी टाकेपर्यंत तिने त्याला सगळं सांगितलं. आर्वो पाठमोरा उभा राहून ऐकत होता. मग तो कॉफीच्या कपाशीच बोलल्यासारखा म्हणाला, "ती गप्प का बसली, याचा मीही विचार करत होतो."

"कधी गप्प बसली?"

"परवा. ओंडक्यांपाशी घसरलो. उठायला जरा वेळ लागला." त्याने खांदे उडवले. "वाजली नाही. मला वाटलं, तिला कळतंय. वाजली तर केन्ट मला घेऊन जाईल, म्हणून मुद्दाम गप्प बसली असेल."

रागवावं असं रोंडाला फार वाटलं, पण तिलाच रडू फुटेल म्हणून ती रागावली नाही. लॅपटॉप उघडून कामाला लागली. दुरुस्ती फार मोठी नव्हती. तार वर जाण्याच्या क्षणाकडे नव्हे, तार वर आहे का याकडे बघायचं, आणि ती खाली येईपर्यंत कारणं निस्तरत राहायचं. सुधारलेला पॅच तिने तिथूनच पाठवला, वर लिहिलं: "तुमचं बरोबर होतं. फार बरोबर होतं." क्लासेनचं उत्तर लगेच आलं. त्याने पॅचखाली आपल्या नावाने 'तपासलं' अशी ओळ जोडली होती. असल्या ओळीने एवढं हलकं वाटेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

डबीत नवा ड्रायव्हर घालून झाला, तसा आर्वो पट्टा सावरत म्हणाला, "आण, मी पडून दाखवतो. मला सवय आहे."

"गप बस, बाबा. तू खुर्ची घे."

डबी आपल्या पट्ट्याला लावून ती अंगणात गेली आणि बर्फात बदकन पडली. उठली, पुन्हा पडली. पायरीवरून परीक्षक हसत होता.

"हे काय पडणं आहे? आधी हात हवेत जातात! तोंडातून काहीतरी वाईटसाईट निघतं!"

तिसऱ्यांदा ती हात हवेत टाकून, यथासांग शिवी देऊन उताणी पडली आणि तशीच राहिली. घरात तिचा फोन वाजला. लगेच आर्वोच्या खिशातलाही. केन्ट होता, आणि त्याचा आवाज तिला तिथवर ऐकू आला.

"बाबा! बाबा, पडलास का?"

"तुझी बहीण पडली."

"काय?"

"मुद्दाम. डबी तपासतोय." मग आर्वोचं हसणं ओसरलं. "आणि ऐक. परवा मी पडलो होतो. खरोखरचा. तेव्हा डबी बिघडलेली होती, लागोपाठ दोन धक्के बसले की बहिरी व्हायची, आणि मी कुणाला सांगितलं नाही. आता सांगतोय."

रोंडा बर्फात निपचित पडून होती. म्हातारा हे काय करून बसला, असं तिला झालं.

"लागलं का?" केन्टने विचारलं.

"ढुंगणाला."

"आता वाजते ती?"

"तू घाबरलास ना? वाजते."

"दोनदा पडलास तरी?"

"रोंडा तीनदा पडलीय. म्हैस पडावी तशी."

केन्टने सोडलेला श्वास फोनमधूनही कळला. "मग राहा घरी," तो म्हणाला. "पण पुढच्या वेळी डबीच्या आधी तू सांगायचं, बाबा."

"बघू," म्हणून आर्वोने फोन ठेवला. रोंडा अजून उठली नव्हती. डोळ्यांतलं पाणी कानात चाललं होतं आणि ते पुसायचीही तिला शुद्ध नव्हती. आर्वो पायऱ्या उतरून, एकेक पाऊल रोवत तिच्यापर्यंत आला, बर्फात पाय घट्ट रोवले, आणि वाकून हात पुढे केला.

"ऊठ पोरी, थंडी लागेल," तो म्हणाला, आणि त्याने तिला ओढून उभं केलं.