चार प्रोग्राम मोडलेच नव्हते

हे मी आजवर कोणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, लेकीपाशी नाही, आणि खोटं बोलते म्हणून जिचा कान पिळते त्या नातीपाशी तर नाहीच. जरा वळसे घेईन, सांभाळून घ्या — सरळ सांगायची हिंमत असती तर इतकी वर्षं लागली असती का?

गोंदिया वेगळा जिल्हा होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मी लाखनीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होते. तेव्हाची मी आठवले की हसू येतं मला. साखळीचा चष्मा, कडक स्टार्चची साडी, आणि तोंडात इंग्रजी — तेही भाजीवाल्याशी! सिहोऱ्याच्या मराठी शाळेतून आलेली, डिक्शनरी उशाशी घेऊन शिकलेली. पण ते सांगेल कोण?

तेव्हा प्रोग्राम लिहायची एक छोटी भाषा होती, नवख्यांना सोपी. ती कोणा कंपनीची नव्हती; देशोदेशीचे लोक ईमेलवरून तिचा संसार चालवायचे, त्यात मीही. भाषेत काही नवं हवं असेल तर रीत ठरलेली — मागणी लिहून पाठवायची, मग महिनाभर सगळ्यांनी तिच्यावर वाद घालायचा. पण बहुमताहून मोठा एक नियम होता: लोकांचे जुने प्रोग्राम मोडता कामा नयेत. त्या जुन्या प्रोग्रामांचा साठा माझ्याकडे. बदललेल्या भाषेवर ते चालवून बघायचे आणि निकाल कळवायचा, हे माझं काम. मी 'मोडले' म्हटलं की मागणी बंद. उलटून कोणी तपासत नसे. किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचून फिरणारी सासू पाहिली आहे ना? तशी मी.

लाखांदूरकडच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवणारी वंदना एसटीने माझ्याकडे आली. तिला एवढंच हवं होतं, की प्रोग्राममध्ये आपण ज्या गोष्टींना नावं देतो, ती देवनागरीत लिहिता यावीत. "ताई, पोराइले बांधी म्हणा, धान म्हणा, बराबर समजते. इंग्रजी नाव आलं का माह्या तोंडाकडे पायतेत," ती म्हणाली. बांधी म्हणजे आमच्याकडे धानाचं खाचर. मी चहा पाजला. "टाक तू मागणी, मी आहे," म्हटलं.

मागणी गेली आणि काय सांगू, ज्यांची ज्यांची लिपी वेगळी ते दूरदूरचे लोक तिच्या बाजूने धावून आले. एकाने तसा बदल करून चाचणीला पाठवलाही. आता सगळे थांबले होते ते माझ्या निकालासाठी.

मी सगळे प्रोग्राम चालवले. पडद्यावर ओळीमागून ओळ — ठीक, ठीक, ठीक. एकही मोडला नाही.

आणि मी कळवलं: चार मोडले.

काहून? सात वर्षांत माझ्या स्वतःच्या दोन मागण्या फेटाळल्या गेल्या होत्या, आणि ही कालची पोर पहिल्याच फटक्यात भाषेच्या इतिहासात नाव लावणार! शिवाय मी डिक्शनरी घासली, मग यांच्या पोरांनी का घासू नये? — हे कारण आहे. पांघरूण म्हणून सांगत नाही.

वंदनाने विचारलं, कोणते चार ते सांगा ताई, मी दुरुस्त करून देते. मी लिहिलं, ते लोकांचे खाजगी आहेत, दाखवता येत नाहीत. हे दुसरं खोटं. मागणी बंद झाली. तिचा फोन आला — ओरडायला नव्हे. "ताई, तुमी एवढा टाइम देल्ला. पोराइले सांगीन मी, मोठ्या लोकाइनं इचार करूनच नाही म्हटलं."

पुढे तीनदा कोणी ना कोणी तीच मागणी घेऊन आलं. तिन्ही वेळा जाणत्यांनी माझा तो ईमेल पुढे केला — हे आधीच ठरलं आहे, वाचा. मी तिन्ही वेळा गप्प बसून पाहिलं. एकदा लाखनीच्या स्टँडवर वंदना भेटली. कॉम्प्युटरचा तास तिने सोडला होता. तिने वाकून नमस्कार केला आणि — मी तो करू दिला.

आज सकाळी जुनं मशीन काढलं, सगळे प्रोग्राम पुन्हा चालवले, आणि त्या बंद मागणीखाली निकाल जोडून नावानिशी लिहिलं: एकही मोडला नव्हता, आणि हे मला त्याच दिवशी माहीत होतं. तेच वंदनाला मराठीत लिहून पाठवलं. दोन्ही गेल्यावरच हे लिहायला बसले, म्हणजे मागे फिरायची सोय नको. मागणीचं काय करायचं ते तिथले लोक ठरवतील. वंदनाच्या त्या वर्गातली पोरं आता लेकराबाळांची झाली असतील. त्यांच्यासाठी ती उघडली काय न् बंद राहिली काय.

आणि हो, एक राहिलंच. चार हा आकडा हातातून सहज सुटला नव्हता. एक म्हटलं असतं तर कोणीतरी तो दुरुस्त करायला बसलं असतं. वीस म्हटलं असतं तर कोणीतरी तपासलं असतं. मी चहाचा कप हातात घेऊन बराच वेळ विचार केला होता, आणि मग चार लिहिलं होतं.