भाऊरावांची विहीर

अमरावतीहून निघालेली एसटी वरूड ओलांडून शेंदूरजनाघाटला पोचली, तेव्हा पाऊस थांबला होता. संत्र्याच्या बागांमधून मात्र गढूळ पाणी अजून वाहत होतं, हिरवी फळं चिखलात पडली होती. आठवडाभर आभाळ फाटल्यासारखं कोसळत होतं, असं कंडक्टर म्हणाला.

मैत्रीण वंदनाच्या सासरी मी पहिल्यांदाच जात होते. तिथल्या विहिरीच्या गोड पाण्याचं कौतुक तिच्याकडून कितीदा ऐकलेलं. पण घरात जाऊन टेकले तरी कुणी पाणी विचारेना. वऱ्हाडात हे नवलच! बऱ्याच वेळाने वंदना पेला घेऊन आली, पाणी कोमट होतं.

"उकळून निवेपर्यंत थांबावं लागलं गं," ती ओशाळून म्हणाली.

पावसाने घरामागचा संडासाचा खड्डा तुडुंब भरला होता आणि भिजलेल्या जमिनीतून ते पाणी विहिरीत झिरपलं होतं. घरात जुलाब सुरू झाले, तेव्हा वंदनाने पाणी तपासायला दिलं. ते पिण्यालायक नाही, हे मी पोचले त्याच सकाळी कळलं होतं. मी विहिरीत वाकून पाहिलं. पाणी नितळ होतं, वाससुद्धा नव्हता.

जेवायला पातोडी (बेसनाच्या वड्यांचा झणझणीत रस्सा) आणि भाकरी होती. दोन घास खाल्ले असतील, तोच शेजारच्या शांताबाई घागर घेऊन आल्या. निम्मी गल्ली इथेच पाणी भरायची. वंदनाचे सासरे भाऊराव ताटावरून उठले.

"शांताबाई, पानी नेऊ नका."

"काहून? आमचं काई चुकलं काय?"

"तुमचं नाई, आमचं चुकलं. आमच्या संडासाचं पानी हिरीत उतरून राहिलं."

शांताबाईंनी घागर खाली ठेवली. "माह्या नातीले कालपासून ओकाऱ्या होऊन राहिल्या, भाऊराव. मले वाटलं, शिळं खाल्लं असंन."

भाऊराव उष्ट्या हातानेच निघाले. उकळलेलं पाणी, मीठ, साखर घेऊन आम्ही दोघी मागोमाग गेलो. पोर मलूल पडली होती. तिला घोट घोट पाजत ऑटोने दवाखान्यात नेलं. सलाइन लागलं. संध्याकाळी तिने आजीकडे खायला मागितलं, तेव्हा कुठे भाऊराव घरी जायला उठले.

घरी परतल्यावर ते गल्लीत दारोदार हेच सांगत फिरले. एका घरून शिव्या ऐकू आल्या. ते मान खाली घालून पुढच्या दाराशी गेले. सकाळी मी निघाले, तेव्हा खड्डा उपसून बुजवायला माणसं आली होती.

पुण्यात आमच्या सोसायटीलाही बोअरचं पाणी आहे. आमचं सांडपाणी कुठे मुरतं, हे मी रविवारच्या बैठकीत विचारलं.